नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाचा शोध : परभणीपासून मोठ्या शहरापर्यंत

परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर अशा नऊ तालुक्यांच्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार होती. परंतु मनाच्या दुखण्यावर बोलण्यातून उपचार करणारा प्रशिक्षित माणूस हवा असला की येथील कुटुंब बहुधा नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याकडे पाहते. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात असल्यामुळे जुन्या पिढीची नजर हैदराबादकडेही जात असे. हाडांचा किंवा डोळ्यांचा डॉक्टर शोधताना अशा प्रवासात फारशी फसगत होत नाही, कारण त्या डॉक्टरची पदवी, दवाखान्यावरची पाटी आणि वैद्यक परिषदेकडील नोंदणी या तिन्हींचा मेळ कायद्याने घालून दिलेला असतो. मानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत हा मेळ अजून पुरता बसलेला नाही, आणि मोठ्या शहरात पाट्यांची संख्या जितकी जास्त तितका बाहेरगावच्या माणसाचा गोंधळ वाढतो.

गोंधळाचे पहिले कारण शब्दांत आहे. ‘मेंदूचा डॉक्टर’ या बोलीतल्या एकाच नावाखाली मराठवाड्यात मज्जासंस्थेचा तज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ असे दोघेही येतात, तर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द पाटीवर कोणीही लिहिताना दिसतो. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, एम.बी.बी.एस. नंतर त्याने मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेले असते, त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे, मानसशास्त्रीय चाचण्या देण्याचे आणि संवादातून उपचार करण्याचे विशेष प्रशिक्षण त्याने घेतलेले असते. समुपदेशक ही तिसरी, बरीच सैल संज्ञा असून तिच्यात मानसशास्त्राची एम.ए. पदवी आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेली जाणकार व्यक्ती येते, तशीच चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली व्यक्तीही येते. या तिघांखेरीज मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता हा चौथा प्रशिक्षित माणूस सरकारी रुग्णालयांत भेटतो, जो रुग्णाच्या घरची परिस्थिती, कामधंदा आणि शासकीय योजना यांची सांगड घालतो. नावापुढच्या ‘डॉ.’ या अक्षरावरून यांतला फरक कळत नाही, कारण मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवलेली व्यक्तीही ते अक्षर रीतसर लावते. मात्र त्यामुळे तिला औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्य मानसशास्त्रज्ञाला व्यवसायाचा परवाना देते, आणि परवान्याशिवाय ती उपाधी लावणेच तेथे बेकायदा ठरते. भारतात ‘परवाना’ या शब्दाऐवजी ‘नोंदणी’ हा शब्द लागू होतो, आणि ती नोंदणीही सर्व मानसशास्त्रज्ञांची नसून प्रामुख्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची असते. ती करणारी संस्था म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषद होय. १९८६ मध्ये सोसायटी म्हणून स्थापन झालेल्या या परिषदेला १९९२ च्या कायद्याने वैधानिक दर्जा दिला आणि जून १९९३ पासून ती त्या रूपात काम करू लागली. ही परिषद आरोग्य खात्याच्या नव्हे, तर सामाजिक न्याय मंत्रालयातील दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या अखत्यारीत आहे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटते. परंतु मतिमंदत्व आणि अन्य अपंगत्वांचे मूल्यमापन करणारा व्यावसायिक म्हणून चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कायद्याच्या कक्षेत आला, आणि तेव्हापासून त्याची नोंद पुनर्वसनाच्या वहीत होत राहिली. परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करण्यास या कायद्याच्या १३ व्या कलमाने मनाई केलेली आहे आणि ती मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा १,००० रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितलेली आहे. १९९२ मध्येही फार नसलेली ही दंडाची रक्कम आज एखाद्या शहरी दवाखान्यातील एका भेटीच्या फीइतकी उरली आहे, आणि कायद्याचा धाक का बसला नाही हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

दुसरा आधार म्हणजे ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला आणि २९ मे २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्य सेवा कायदा. या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या केली. त्याची पात्रता एकतर पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतून मिळालेली असावी, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर, देखरेखीखालील प्रत्यक्ष रुग्णकार्य समाविष्ट असलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त विद्यापीठातून पूर्ण केलेला असावा, असे ती व्याख्या सांगते. याच कायद्याच्या ५५ व्या कलमाने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर एक कर्तव्य टाकले आहे : राज्यातील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकृती सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करायची आणि त्यांची यादी प्रसिद्ध करायची. १०६ वे कलम त्याहून व्यवहाराचे आहे, कारण आपल्या व्यवसायक्षेत्राने ज्याचा अधिकार दिलेला नाही असे कोणतेही औषध किंवा उपचार सुचवण्यास ते मानसिक आरोग्य व्यावसायिकाला मनाई करते. म्हणून औषधाच्या गोळ्यांचे नाव कागदावर लिहून देणारा मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञाने सुरू केलेली गोळी ‘आता बंद करा’ असे सांगणारा समुपदेशक भेटला, तर त्याच्याकडे पुन्हा न जाणे हाच शहाणपणा होय.

चिकित्सालयीन नसलेल्या इतर मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने केला. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञांचा उल्लेख आहे आणि पुनर्वसन परिषदेकडे असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना त्यातून वगळलेले आहे. हा कायदा पूर्ण रुजेल तेव्हा समुपदेशकाची नोंद पाहणेही सोपे होईल. तोवर समुपदेशकाचे शिक्षण कोठे झाले, त्याच्या कामावर कोणा वरिष्ठाची देखरेख आहे का आणि आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे आले तर तो कोणाकडे पाठवतो, हे तीन प्रश्न नोंदणीची जागा काही अंशी भरून काढतात.

नोंदणीवर एवढा भर देण्याचे कारण तिच्यामागच्या प्रशिक्षणात आहे. १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि लवकरच तेथे मानसशास्त्रज्ञांना रुग्णालयातच घडवण्याचा अभ्यासक्रम आखला गेला. हीच संस्था पुढे निमहान्स या नावाने प्रसिद्ध झाली. नंतर रांची येथे तसा अभ्यासक्रम निघाला. महाराष्ट्रात ज्यांचे नाव अभिनेते म्हणून घरोघरी पोहोचले आहे, त्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी उभारणी केलेल्या पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत हे शिक्षण मिळू लागले. या दोन वर्षांत विद्यार्थी रोज बाह्यरुग्ण विभागात आणि आंतररुग्ण कक्षात बसतो, रुग्णाचा आणि नातेवाइकांचा सविस्तर इतिहास लिहितो, तो वरिष्ठांसमोर मांडतो आणि स्वतः केलेल्या उपचारांतील चुका त्यांच्याकडून ऐकतो. पुस्तक वाचून परीक्षा देणे आणि असे काम करणे यांत जे अंतर आहे, तेच एम.ए. झालेल्या आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी सर्वसाधारणपणे बंद केली आणि या विषयापुरती तिला काही वर्षांची मुदत दिली. आता तिच्या जोडीला व पुढे तिच्या जागी नव्या नावांचे अभ्यासक्रम येत आहेत. परिणामी केवळ पदवीचे नाव वाचून पात्रता ठरवणे पूर्वीपेक्षाही अवघड झाले आहे, आणि नोंदवहीतील क्रमांक हाच अधिक भरवशाचा पुरावा ठरतो.

तो क्रमांक पाहण्याची रीत साधी आहे, पण तिच्यात एक खाच आहे. भेटीची वेळ ठरवतानाच फोनवर ‘आपला पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगाल का?’ असे विचारावे. मुरलेला व्यावसायिक हा प्रश्न रोज ऐकतो आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. क्रमांक मिळाल्यावर परिषदेच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत नाव, नोंदणीचा वर्ग आणि मुदत या तीन गोष्टी पडताळाव्यात. वर्ग पाहणे सर्वांत महत्त्वाचे, कारण परिषद एकूण १६ प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी करते आणि त्यांत विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ, पुनर्वसन समुपदेशक असे अनेक जण येतात. ‘परिषदेची नोंदणी आहे’ हे विधान खरे असूनही ती नोंदणी विशेष शिक्षकाची असू शकते. मुदतीचेही तसेच आहे. नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी सतत शिक्षणाच्या कार्यक्रमांत हजेरी लावलेली असावी लागते, त्यामुळे चालू मुदतीची नोंद ही व्यावसायिकाने आपले ज्ञान ताजे ठेवल्याचीही थोडी खूण असते. मनोविकारतज्ज्ञाच्या बाबतीत ही पडताळणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत होते, आणि २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरने आपला क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर छापलेलाच असला पाहिजे.

परभणीहून शहरात नेली जाणारी दुखणी अनेक प्रकारची असली, तरी मुलांच्या बाबतीत निकड बहुधा चाचणीची असते : मूल वर्गात मागे पडते, अक्षरे उलटसुलट लिहिते, किंवा दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळावा म्हणून प्रमाणपत्र हवे असते. बुद्धिमापनाच्या या क्षेत्रात मराठी मुलांचा इतिहास जुना आहे. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या चाचणीची अमेरिकेत १९१६ मध्ये जी आवृत्ती निघाली, तिचे मराठी आणि कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात केले आणि ‘बिने–कामत चाचणी’ हे नाव आजही राज्यभरातील अहवालांत दिसते. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून नागपूरच्या ए. जे. मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी जी चाचणी तयार केली, तिचीही मराठी आवृत्ती आहे. गोदावरीकाठच्या एखाद्या खेड्यातून आलेले मूल इंग्रजी प्रश्नांना अडखळते तेव्हा त्याची बुद्धी मोजली जात नसून इंग्रजी मोजले जाते, हे या दोन्ही अभ्यासकांनी जाणले होते. तथापि या चाचण्यांचे प्रमाण अनेक दशकांपूर्वीच्या मुलांवरून ठरवलेले असल्याने आजच्या मुलाचा बुद्ध्यंक त्यांच्यावर थोडा फुगून येण्याची शक्यता असते. प्रामाणिक मानसशास्त्रज्ञ अहवालात चाचणीचे नाव, ती दिल्याची भाषा आणि अशी मर्यादा या तिन्हींचा उल्लेख करतो. नुसता आकडा आणि खाली सही असा एक पानी अहवाल कोणी हातात दिला, तर पालकांनी सविस्तर अहवाल मागावा.

प्रमाणपत्राच्या बाबतीत पालकांची सर्वाधिक धावपळ होते, म्हणून तो भाग तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत येणारी टिकाऊ अडचण. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिचे प्रमाणपत्र मुलाला आठ वर्षे पूर्ण झाल्यानंतरच मिळते आणि १४ व १८ या वयांत पुन्हा तपासणी करावी लागते. प्रक्रियेत बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ या दोघांचा सहभाग असतो, परंतु प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने नेमलेल्या वैद्यकीय यंत्रणेला आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की पुण्यातील खासगी दवाखान्यात हजारो रुपये भरून घेतलेला अहवाल मुलाला समजून घेण्यासाठी उपयोगी पडेल, पण परीक्षेतील सवलतीसाठी तो पुरेसा ठरेलच असे नाही. म्हणून आधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात कोणत्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र चालते हे विचारावे आणि मगच तिकीट काढावे. याच ठिकाणी आणखी एका गोष्टीपासून सावध करणे भाग आहे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता, स्वभाव आणि योग्य करिअर सांगणाऱ्या ज्या चाचण्या शाळांतून व शिकवणी वर्गांतून विकल्या जातात, त्यांना शास्त्रीय आधार नाही, आणि त्या करणाऱ्याला मानसशास्त्रज्ञ म्हणता येत नाही.

प्रौढांच्या बाबतीत निवडीचा पहिला निकष दुखण्याची तीव्रता हा असावा. कानात आवाज येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री होणे, अनेक रात्री झोप न लागताही अंगात विलक्षण उत्साह असणे, खाणेपिणे सुटणे, दारू सोडताना हातपाय कापणे किंवा भ्रम होणे, यांतले काही दिसत असेल तर मानसशास्त्रज्ञाचा शोध नंतर करावा आणि आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा, कारण तेथे औषधाला पर्याय नसतो. जीव देण्याचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि घरातील फवारणीचे औषध कुलपात किंवा घराबाहेर ठेवावे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातल्यावर तेथील आत्महत्या लक्षणीय घटल्या, आणि कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात तो धडा घराघरापर्यंत पोहोचायला हवा. पोलिसांच्या भीतीने रुग्ण लपवू नये. २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकते.

उलट सततची काळजी, छातीत धडधड, मन न लागणे, एखाद्या आघातानंतर उडालेली झोप, पुन्हा पुन्हा हात धुण्यासारखी कृती, नवरा-बायकोतील बेबनाव, परीक्षेची धास्ती यांवर मानसशास्त्रज्ञाचा संवाद-उपचार चांगला गुण देतो, कधी एकट्याने तर कधी औषधाच्या जोडीने. या उपचाराला निश्चित पद्धती असतात. विचार आणि वर्तन यांच्या परस्परसंबंधावर काम करणारी पद्धती आज सर्वाधिक वापरात आहे, आणि तिच्याच कुळातील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती किशोर फडके यांच्या आयुष्यभराच्या कामामुळे महाराष्ट्रात मराठीतूनच रुजली, ही मराठी वाचकाच्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. पहिल्या भेटीत चांगला मानसशास्त्रज्ञ तक्रारीचा इतिहास घेतो, शरीराच्या तपासण्या झाल्या आहेत का हे विचारतो, आपली पद्धत, भेटींची अंदाजे संख्या आणि फी सांगतो, आणि बोललेले गुप्त राहील हे सांगताना त्याचे अपवादही सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश अशा कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठीच तो बाजूला ठेवता येतो, आणि बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर तो पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मराठवाड्यातून रुग्णासोबत चार-पाच माणसे जातात आणि बरेचदा तीच त्याच्या वतीने बोलतात. सासू आणि नवरा यांच्या मधोमध बसलेली सून आपले दुखणे सांगू शकणार नाही. म्हणून काही वेळ रुग्णाशी एकट्याने बोलण्याचा आग्रह जो धरतो, त्याच्यावर नातेवाइकांनी रागावू नये.

भाषेचा प्रश्न येथे पुन्हा येतो, आणि तो नोंदणीइतकाच खरा आहे. ‘जीव घाबरा होतो’, ‘करमत नाही’, ‘काळीज धसकतं’, ‘डोकं जड पडतं’ ही वाक्ये उच्चारणारा माणूस आपल्या आजाराचे नेमके वर्णन करत असतो, परंतु ज्याला या वाक्यांची चव माहीत नाही त्याला ती नुसती कुरकुर वाटते. ‘बाहेरचं आहे’ असे सांगणाऱ्या आजीला अडाणी ठरवणारा तज्ज्ञ तिच्या नातवाला दुसऱ्या भेटीत पाहू शकणार नाही. तिचे म्हणणे ऐकून घेऊन, मारझोड करून भूत उतरवणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे हे तिला समजावणारा तज्ज्ञ मात्र पाहू शकेल. परभणी शहरात आणि पाथरी-मानवत भागात उर्दू बोलणारी, तर जिंतूर-गंगाखेडच्या तांड्यांवर बंजारा बोली बोलणारी कुटुंबे आहेत. म्हणून वेळ ठरवताना ‘उपचार कोणत्या भाषेत होतील?’ हेही विचारून घ्यावे.

एवढे सर्व जुळून आले तरी एक अडचण उरते, ती अंतराची. शल्यक्रिया एकदाच होते, म्हणून तिच्यासाठी दूर जाणे परवडते. संवाद-उपचार दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, प्रत्येक वेळी पाऊण ते एक तास, असे काही महिने चालतात. सेलूहून किंवा पूर्णेहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाऊन परतायचे तर दिवस मोडतो, रोजंदारी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर येणे थांबते आणि ‘काही गुण आला नाही’ असा समज घेऊन घर परतते. म्हणून मोठ्या शहराचा उपयोग निदान, चाचणी आणि उपचाराची आखणी यांपुरता करावा, आणि पुढचा पाठपुरावा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे, सरकारी रुग्णालयात किंवा त्याच मानसशास्त्रज्ञाशी दूरसंवादाने ठेवावा, हीच परभणीकरांसाठी सर्वांत टिकाऊ व्यवस्था दिसते. त्यासाठी शहरातून निघताना लेखी सारांश मागून घ्यावा. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २५ व्या कलमाने दिलेला आहे.

जवळच्या सोयींचा विचार करताना सरकारी यंत्रणेला वगळणे चुकीचे ठरेल. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि त्यातून १९९६ मध्ये निघालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांची कल्पनाच अशी आहे की जिल्हा पातळीवर मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक असावे. २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात परभणीचा समावेश आहे आणि त्यात आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नैराश्याची लक्षणे ओळखून पुढे पाठवणे अपेक्षित आहे. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांचे मनोविकारशास्त्र विभाग त्याहून जुने आहेत आणि तेथे केस पेपरच्या नाममात्र खर्चात तपासणी होते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत, म्हणूनही या विभागांचे मोल अधिक आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही चालतो. कोणाकडे जावे हे ठरत नसेल तर पहिला फोन तेथे करण्यास काहीच हरकत नाही.

निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि वेगवेगळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता, परंतु परभणीची स्थिती त्याहून चांगली असेल असे मानण्यास आधार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १८ वे कलम सांगते की उपचारासाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या जागेजवळ मिळावी, आणि किमान सरकारी सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर त्याच जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च शासनाने सोसावा. या कलमाचा आधार घेऊन परभणीच्या नागरिकांनी आपल्या जिल्ह्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचे पद मंजूर आहे का, ते भरलेले आहे का आणि ती व्यक्ती कोणत्या वारी कोणत्या तालुक्यात बसते, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाला लेखी विचारावे. माहितीच्या अधिकारातील अशा अर्जाला १० रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही, आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.